टिकली बसेना

बायकोनं चारचौघांत नावं ठेवली तर नवऱ्याला निदान उत्तर तरी देता येतं. मार्लिस मला काहीच बोलली नाही. तिनं रिव्हॉल्वर बाकावर ठेवलं, कानांवरचे आवाज अडवणारे डबे काढले आणि शांतपणे लव्हर्नला सांगितलं, "चक्री फिरत नाहीये." मग मागं वळून एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पुढं बघायला लागली.

लव्हर्न म्हणजे आमच्या केटल ग्रोव्ह नेमबाज मंडळाचा पंच. सहा लोखंडी थाळ्या, सहा गोळ्या, जो कमी सेकंदांत पाडेल तो पुढं. मार्लिसनं दोन पाडल्या होत्या, तिसरीला चाप ओढला आणि गोळ्यांची चक्री जागच्या जागी रुतली. लव्हर्ननं चक्री कशीबशी उघडली, काडतूस बाहेर काढलं, त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "टिकली वर राहिलीये. घरी भरलेलं दिसतंय."

'घरी भरलेलं' हे शब्द त्यानं 'घरी पाडलेला दात' म्हणावं तसे उच्चारले. वास्तविक त्या मंडळातली निम्मी माणसं घरीच काडतुसं भरतात. वापरलेल्या पितळी पुंगळ्या वेचायला वाकण्यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय. पण त्या क्षणी सगळे असे उभे राहिले, जणू त्यांच्या घरी काडतुसं थेट कारखान्यातून पाइपानं येतात.

घरी येताना गाडीत मार्लिस हवामानाबद्दल बोलली. स्वयंपाकघरात आल्यावर पर्स खुंटीला अडकवता अडकवता म्हणाली, "सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी अंतिम फेरी आहे. मी दुकानातलं खोकं आणीन म्हणते."

"दुकानातलं?"

"तुला उगीच त्रास नको."

अकरा वर्षं ही बाई माझ्या हातचं काडतूस वापरत होती. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये 'तुला उगीच त्रास नको' याचा अर्थ काय होतो ते इथं जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "तीन आठवडे दे. सलग शंभर काडतुसं भरून देतो. एकाची जरी टिकली वर असली तर खुशाल दुकानात जा."

"बरं," मार्लिस म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

आता थोडं माझ्या काडतुसं भरायच्या यंत्राबद्दल. काडतुसाच्या बुडात एक इवलीशी टिकली असते. घोडा तिच्यावर आपटतो, ती पेटते, मग पुढचं सगळं होतं. ती बुडाशी सपाट, किंबहुना केसभर आतच बसायला हवी; वर राहिली तर मागं घासते आणि चक्री अडते. माझ्या यंत्राला पाच घरांची फिरती तबकडी आहे. दांडा खाली ओढला की पाच घरांत वेगवेगळी कामं एकदम होतात, आणि दांडा वर नेऊन थोडा पुढं ढकलला की नवी टिकली बसते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात या ढकलण्याला एकच ओळ दिली आहे. त्या ओळीनं माझे तीन आठवडे खाल्ले.

मी मार्लिसची केक ठेवायची काचेची थाळी उलटी घातली आणि भरलेली शंभर काडतुसं तिच्यावर एकेक करून उभी केली. टिकली नीट बसली असेल तर काडतूस शिपायासारखं उभं राहतं. वर असेल तर डुगडुगतं. अकरा डुगडुगली. भरलेल्या काडतुसाची टिकली पुन्हा दाबायची नसते, यावर मंडळातल्या सगळ्यांचं एकमत आहे, आणि त्या मंडळात आजवर एकमत झालेली ही एकुलती एक गोष्ट. म्हणजे ती अकरा वाया.

तेवढ्यात डेल्बर्ट आला. डेल्बर्ट कुचेरा आमच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहतो. चाळीस वर्षं रेल्वेची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. त्याच्या मते जगात आजवर जेवढं काही बिघडलं ते त्याला वेळेवर न विचारल्यामुळं.

"अरे लेका, टिकली दाबणारा खालचा दट्ट्या आखूड पडतोय," त्यानं काडतूस न बघताच निदान केलं. "बिअरच्या डब्याचा पत्रा काप, गोल चकती कर, दट्ट्याखाली घाल. संपलं."

संपलं नाही. पहिली चकती पातळ पडली म्हणून दुसरी घातली. त्यासाठी दुसरा डबा रिकामा करणं भाग होतं, आणि ते काम डेल्बर्टनं स्वतःकडं घेतलं. दोन चकत्यांवर दट्ट्या इतका वर आला की टिकली बसायच्या आधीच चेपली जाऊ लागली. चौथी टिकली फटकन उडाली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून मी आज हे सांगतोय. स्वयंपाकघरातून मार्लिसचा आवाज आला, "सगळे आहात ना?"

"आहोत!"

"मग जेवायला या."

पुढच्या शुक्रवारी मंडळात तळलेल्या माशांचं जेवण होतं. मी पानात पर्च मासा आणि कोबीची कोशिंबीर घेऊन लव्हर्नशेजारी बसलो आणि मोठ्या मनानं त्याचा सल्ला मागितला. लव्हर्ननं ब्रँडीचा घोट घेतला, राय धान्याच्या पावाला लोणी लावलं, मग विचारलं, "पुंगळीच्या बुडातली काजळी खरवडतोस का?"

"नाही."

"नाही?" त्यानं आपल्या बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे, हं."

आमच्याकडं 'वेगळंच आहे' यापेक्षा वाईट शब्द नाही. अंत्यविधीला पिवळी विजार घालून आलेल्या माणसाबद्दल आम्ही तो वापरतो. मी घरी आलो आणि चारशे पुंगळ्यांच्या बुडांतली काजळी एका बारीक टोच्यानं हातानं खरवडली. तीन संध्याकाळी गेल्या. बोटं काळी झाली, ऑफिसात लोक माझ्याशी हात मिळवताना क्षणभर थांबायला लागले. मग पुन्हा शंभर भरली, पुन्हा थाळीवर ठेवली. नऊ डुगडुगली. तीन संध्याकाळी खर्चून मी दोन काडतुसं वाचवली होती.

खरं कारण डेल्बर्टनंच शोधलं, हे कबूल करायला मला आजही जड जातं. तो बिअरचा ग्लास माझ्या बाकावर ठेवून उभा होता. मी दांडा पुढं ढकलला आणि बिअर त्याच्या मनगटावर सांडली.

"थांब," तो म्हणाला. "पुन्हा ढकल."

पुन्हा सांडली.

"तुझा जोर टिकलीला जातच नाही रे. बाक मागं सरकतोय. तू टिकली बसवत नाहीयेस, फर्निचर हलवतोयस."

माझा बाक म्हणजे जुन्या शाळेचं एक दार, आमच्या ऑफिसातून यंदाच बाद झालेल्या दोन लोखंडी कपाटांवर आडवं टाकलेलं. मी त्यावर मिठाची दोन पोती ठेवून पाहिली. पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतात ती जाड्या मिठाची पोती. वीस-पंचवीस वेळा ढकलल्यावर पोती हळूहळू सरकून एक माझ्या पायावर पडलं. शेवटी ठरलं की बाक मागच्या भिंतीला बोल्टनं आवळायचा.

ही भिंत माझी अर्धी आणि डेल्बर्टची अर्धी. जोडघरांमधली भिंत आग अडवण्यासाठी असते. तिला भोक पाडायचं तर नगर कार्यालयाचा परवाना लागतो, शेजाऱ्याची सही लागते, मापासकट आराखडा लागतो. मला हे चांगलंच ठाऊक आहे, कारण केटल ग्रोव्हमध्ये बांधकाम परवान्यांची खिडकी सतरा वर्षं मीच सांभाळतोय. त्या खिडकीवर 'अपूर्ण अर्ज घेतले जाणार नाहीत, कारणे सांगू नयेत' अशी पाटी आहे. पाटीवरचं अक्षर माझं आहे.

स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. आत माझ्या हाताखाली काम करणारी रेनाटा बसली होती. सतरा वर्षांत मी बाहेरून ती खिडकी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर उभं राहिल्यावर खाली वाकावं लागतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"सर, 'कामाचा हेतू' रिकामा ठेवलाय तुम्ही."

"रेनाटा, तुला हेतू माहितीये. मी पंधरा दिवस दुसरं काही बोललेलो नाही."

"मला माहितीये, सर. अर्जाला माहीत नाही."

हे वाक्य तिला मीच शिकवलेलं. मी हेतूच्या रकान्यात लिहिलं, 'टिकली नीट बसण्यासाठी.' तिनं संगणकातली यादी खालपर्यंत पाहिली. न्हाणीघर होतं, जिना होता, कुत्र्याचं दारसुद्धा होतं. टिकली नव्हती. "'इतर' मध्ये टाकलं तर अभियंत्यांकडं जाईल, आणि ते कॅनडात मासे धरायला गेलेत," ती म्हणाली. "'किरकोळ काम, भिंतीत निम्म्यापर्यंतच' असं टाकते. तात्पुरती परवानगी आजच मिळेल, तपासणी नंतर. पण आराखड्यात उत्तर दिशा दाखवलेली नाही."

"उत्तर दिशा? बाकाला?"

"तुमचाच नियम आहे, सर."

मी घरी जाऊन उत्तर दिशा काढून आणली. दुसऱ्या दिवशी कळलं की आराखडा पेन्सिलीत चालत नाही. रांगेत माझ्या मागं उभे असलेले एक गृहस्थ आपुलकीनं म्हणाले, "इथला साहेब फार खडूस आहे म्हणतात." मी मान डोलावली.

डेल्बर्टनं सही करायला एकच अट घातली. "बोल्ट माझ्या बाजूनं आरपार येऊ देत. पलीकडं मी फळी टांगतो. बायकोच्या बीटच्या बरण्या ठेवायला जागाच नाहीये."

"अरे, परवानगी निम्म्या भिंतीपर्यंतच आहे."

"मग सही पण निम्मीच करू?"

अंतिम फेरी चार दिवसांवर आली होती. सतरा वर्षं नियमानं वागलेला माणूस, पण मार्लिस त्या दिवशी फोनवर तिच्या बहिणीला दुकानातल्या काडतुसांचा भाव विचारताना मी ऐकलं होतं. मी चार बोल्ट आरपार नेले. तसं करताना मला लाज वाटली, आणि तरीही मी भोक पाडत राहिलो.

गुरुवारी संध्याकाळी बाक भिंतीला आवळून झाला. मी पहिला दांडा ढकलला आणि सांगतो, टिकली काय बसली! हाताला कळलं. चौतीस काडतुसं भरली, थाळीवर मांडली, एकही डुगडुगलं नाही. मी एकटाच शीळ घालत पस्तिसाव्याकडं वळलो. तेवढ्यात पलीकडून आधी काहीतरी घरंगळल्याचा, मग फुटल्याचा, मग पुष्कळ काही एकदम फुटल्याचा आवाज आला.

माझ्या प्रत्येक ढकलण्याबरोबर तिकडची फळी केसभर पुढं येत होती. चौतिसाव्या टिकलीपर्यंत बरण्यांनी धीर धरला होता. मी धावत गेलो तर डेल्बर्ट आणि त्याची बायको घोट्यापर्यंत लाल पाण्यात उभे होते आणि अकरा बरण्यांतलं बीट सोफ्याखाली पसरलं होतं.

"अरे लेका," डेल्बर्ट म्हणाला, "मला आधी विचारायचंस ना."

तपासणीला माणूस शुक्रवारी चार वाजता आला. त्याला डेल्बर्टच्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेले चार बोल्ट दिसले, गालिच्यावर लालभडक डाग दिसले आणि माझ्या बाजूला काडतुसांचं यंत्र दिसलं. तो बराच वेळ काही लिहीत होता. तासाभरानं माझ्या दारावर नोटीस लागली. 'मंजूर आराखड्याचे उल्लंघन. बोल्ट चोवीस तासांत काढावेत, भोके अग्निरोधक पुट्टीने बुजवावीत. आपल्यासारख्या जबाबदार नागरिकाकडून ही अपेक्षा नव्हती.' खाली सही, 'ऑरिन हॅल्व्हरसन, प्रमुख, परवाने विभाग.' आमच्या खात्यातून निघणाऱ्या प्रत्येक नोटिशीवर माझ्या सहीचा शिक्का आपोआप उमटतो. मजकूरही मीच काही वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि त्यातलं शेवटचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मी बोल्ट काढले. भोकं बुजवली. मार्लिस दारात उभी राहून बघत होती. "किती झाली?" तिनं विचारलं.

"शंभरातली चौतीस."

"दुकान उद्या बारापर्यंत उघडं असतं," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रात्री झोपलो तरी असतो.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी पुन्हा त्या डुगडुगत्या बाकाशी उभा होतो. सहा भरली, त्यातली दोन वाया. मार्लिस गाडीची किल्ली हातात घेऊन आत आली. "मी निघते. पाव आणायचाय का?" असं विचारत ती बुटाची नाडी बांधायला बाकाच्या कडेवर टेकली.

मी उत्तर न देता दांडा पुढं ढकलला. टिकली बसली. ज्याला म्हणतात बसली.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"काय झालं? कोळी आहे?"

"काही नाही. बसून राहा." आणखी तीन भरली. तिन्ही थाळीवर ताठ उभी राहिली. "आता ऊठ." ती उठली. पुढचं डुगडुगलं. "बस." ती बसली. पुढचं ताठ.

मार्लिसनं थाळीकडं बघितलं, बाकाकडं बघितलं, मग स्वतःकडं बघितलं. "म्हणजे तुला माझं वजन पाहिजे."

तीस वर्षांच्या संसारात अशा वाक्याला उत्तर द्यायचं नसतं एवढं मी शिकलोय. पण तिनं वाट पाहिली. "मिठाची पोती होती ना तुझ्याकडं?"

"पोती पुरत नाहीत," मी बोलून गेलो.

किल्ली तिच्या हातात होती आणि दुकान दहा मिनिटांवर होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "तसं नाही गं. पोत्याला दांडा कधी येतोय ते कळत नाही. तू आपोआप मागं रेलतेस. मी ढकलतो तेव्हाच, ना आधी ना नंतर. तुला कसं कळतं?"

"तू ढकलण्याआधी श्वास रोखतोस," मार्लिस म्हणाली. "गवत कापायचं यंत्र सुरू करताना पण रोखतोस. आणि माझ्या आईला फोन लावताना." तिनं किल्ली खिडकीत ठेवली, बूट काढले आणि पाय वर घेऊन नीट बसली. "चल. भर."

आम्ही दीडपर्यंत भरत होतो. प्रत्येक काडतूस ती हातात घ्यायची, बुडावरून करंगळी फिरवायची आणि मग खोक्यात ठेवायची. थाळीवर ताठ उभी राहिलेली दोन तिनं बाजूला काढली. मी वाद घातला. तिनं नुसती करंगळी दाखवली. मध्येच म्हणाली, "मला त्या दिवशी राग चक्रीचा आला नव्हता. लव्हर्ननं तुझं काडतूस सगळ्यांसमोर वर धरलं, त्याचा आला होता." मी श्वास रोखला आणि ती मागं रेलली.

रविवारी मार्लिस रेषेवर उभी राहिली. पाच फेऱ्या, प्रत्येकी सहा थाळ्या. चक्री एकदाही अडली नाही. शेवटच्या फेरीत तिनं लव्हर्नच्या बायकोला अर्ध्या सेकंदानं मागं टाकलं आणि धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी बक्षीस म्हणून पटकावली. लव्हर्न जवळ आला, तिच्या खोक्यातलं एक काडतूस उचलून त्यानं त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"हे काही दुकानातलं नाही," तो म्हणाला. "कुणी भरलंय?"

मी घसा साफ केला. छाती थोडी पुढं काढली. सगळं मंडळ बघत होतं.

"मी," मार्लिस म्हणाली. "ऑरिन दांडा ढकलतो."

सोमवारी मी ऑफिसातून आलो, जेवलो आणि पुंगळ्यांची पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेलो. मार्लिस आधीच बाकावर बसली होती, मांडीवर शब्दकोडं घेऊन. मी बोलावलं नव्हतं. डझनभर भरून झाली तोच फोन वाजला. लव्हर्न होता. आधी हवामानाबद्दल बोलला, मग तंगडी कशी होती ते विचारलं, आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "ऑरिन, माझा पण बाक हलतो रे. शनिवारी दोन तास मार्लिसला पाठवशील का?"

तीन आठवडे मी या माणसाच्या एका चांगल्या शब्दासाठी तडफडत होतो. तो शब्द आता आला होता, आणि मला मात्र त्याचा बाक मोडून त्याच्या गुडघ्यावर पडावा असं मनापासून वाटलं. मी फोन ठेवून दिला.

"कोण होतं?" मार्लिसनं कोड्यातून मान वर न करता विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं आणि दांडा पुढं ढकलला.